यंत्राचे बारा, रस्त्याचे बारा

मागच्या लेखावर कोपरगावच्या एका वाचकाने नेमकं बोट ठेवलं आहे. डायलिसिसवरचा माणूस भेटायला येणाऱ्यांना वाटतो तितका दुःखी नसतो, तो सरावतो, असं मी लिहिलं होतं. त्यांचा प्रश्न असा : सरावतोच म्हणता, तर मग उपचार घराजवळ हवेत हा आग्रह कशासाठी? आज प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीकडे वळायचं ठरलं होतं, पण ती यादी आठवडाभर थांबू शकते. हा प्रश्न तसाच सोडला तर मागच्या लेखाचा अर्थ ‘चाललंय ते बरं चाललंय’ असा निघेल, आणि तो मला मुळीच मान्य नाही.

आधी सरावतं काय ते पाहू. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या ज्या अमेरिकी अभ्यासाचा आधार मी घेतला होता, त्यात डायलिसिसचे रुग्ण आणि निरोगी माणसं यांना आठवडाभर हातातलं एक छोटं यंत्र दिवसातून अनेकदा विचारत होतं, की या क्षणी मन कसं आहे? दोघांच्या उत्तरांत फारसा फरक निघाला नाही. पण मोजली गेली ती त्या त्या क्षणाची मनःस्थिती. त्या माणसाच्या हाती दिवसाचे किती तास उरले, याची मोजदाद तिथे नव्हती. ती आपण कोपरगावातून करू. रक्ताचं डायलिसिस साधारणपणे आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास, म्हणजे यंत्राचे 12 तास. केंद्र नाशिकचं धरलं तर जायला दोन तास, यायला दोन; तीन फेऱ्यांत रस्त्याचेही 12 तास. नंबर लागेपर्यंत बसणं आणि सुया काढल्यावर रक्त थांबेपर्यंत थांबणं याचा फेरीमागे तास धरा. शिवाय नंतरचा थकवा आहेच. अनेक देशांतल्या सहा हजारांहून अधिक रुग्णांना विचारलं, तेव्हा पूर्ववत वाटायला सहा तासांहून जास्त लागतात असं सुमारे चौथ्या हिश्श्याने सांगितलं. 2014 साली ते प्रसिद्ध झालं. परतीची एसटी या थकव्यातच गाठायची असते. हेच केंद्र शिर्डीसारखं अर्ध्या तासावर असेल तर रस्त्याचे 12 तास तीनवर येतात. आजार तोच, यंत्र तेच, आणि आठवड्याचे नऊ तास परत मिळाले. सोबतीला येणाऱ्या माणसाचेही नऊ मिळाले, आणि त्याचा रोज बुडत असेल तर तोही काही अंशी वाचला. मन कितीही सरावलं तरी हे तास आणि हा रोज सरावाने परत येत नाही.

अंतराचा परिणाम केवळ दगदगीपुरता आहे का? 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात सुमारे 21 हजार रुग्ण होते. केंद्रावर पोचायला तासाहून अधिक लागणाऱ्यांच्या जीवनमानाचे गुण कमी होतेच. शिवाय पंधरा मिनिटांत पोचणाऱ्यांच्या तुलनेत त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे 20 टक्क्यांनी जास्त आढळला. यावर आक्षेप येणारच, की लांब राहणारे मुळात गरीब किंवा जास्त आजारी असतील, दोष रस्त्याचा कशावरून? आक्षेप खरा आहे. अशा अभ्यासातून कारण सिद्ध होत नाही, आणि वय, सोबतचे आजार हे हिशेबात धरले तरी काहीतरी निसटतंच. पण या अभ्यासातले देश मुख्यत्वे श्रीमंत होते. चांगले रस्ते, चांगली वाहनं असूनही तिथे फरक दिसत असेल, तर एसटीच्या वेळापत्रकावर आणि भरल्याशिवाय न हलणाऱ्या जीपवर अवलंबून असलेल्यांसाठी तो कमी असेल असं मानायला काय आधार?

सरकारलाही हे ठाऊक नव्हतं असं नाही. 2016 च्या अर्थसंकल्पी भाषणात अरुण जेटली यांनी राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला, तेव्हा एका वेळचा खर्च दोन हजार रुपये आणि वर्षाचा तीन लाखांवर, या हिशेबाबरोबर लांबचे हेलपाटे आणि बुडणारी मजुरी यांचाही उल्लेख केला होता. दुखणं बरोबर ओळखलं. पण आधार धरला तो जिल्हा रुग्णालयाचा. आपला अहिल्यानगर जिल्हा 17 हजार चौरस किलोमीटरचा, क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा. कोपरगाव त्याच्या उत्तर टोकाला, आणि जिल्हा रुग्णालय शंभरेक किलोमीटरवर अहिल्यानगरला. जिल्हा विभाजनाची मागणी राजकारणात जुनी आहे. तिचं काय व्हायचं ते होवो. निदान उपचाराचं अंतर मोजायला ‘जिल्हा’ हे माप इथे उपयोगाचं नाही.

मग गावोगावी केंद्रं काढा म्हणणं सोपं आहे. खाट आणि यंत्र मिळेल, पण प्रशिक्षित तंत्रज्ञ लागतो, तज्ज्ञाची देखरेख लागते आणि पाणी लागतं. मिनिटाला अर्धा लिटर या वेगाने चार तासांत एका रुग्णामागे 120 लिटर अतिशुद्ध पाणी यंत्रातून जातं, आणि ते शुद्ध करताना वाया जातं ते वेगळं. नळाला पाणी कधी येणार याची वाट पाहायची सवय असलेल्या कोपरगावकरांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. दुसरी वाट पोटाच्या डायलिसिसची. दोन-दोन लिटर द्रावणाच्या पिशव्या, दिवसातून तीन-चार वेळा, घरच्या घरी. हाँगकाँगने 1985 पासून याच पद्धतीला पहिली पसंती दिली. जंतुसंसर्गाची भीती खरी आहे, प्रत्येकाला ती पद्धत झेपतही नाही. पण हात धुण्याची शिस्त शिकवता येते, शंभर किलोमीटर शिकवून कमी करता येत नाहीत.

आता त्या वाचकांच्या प्रश्नाकडे. मूत्रपिंडाच्या रुग्णांचं जीवनमान मोजायची जी प्रश्नावली जगभर वापरतात, तिच्यात प्रवासाचा प्रश्न आहे : आजारामुळे प्रवास करता येत नाही, याचा किती त्रास होतो? आठवड्याला सहा वेळा करावाच लागणारा प्रवास किती त्रासाचा, हे त्या रकान्यात विचारलेलं नाही. तुम्ही सरावलेला म्हणता तो माणूस या न विचारलेल्या प्रश्नाला सरावला आहे. प्रतीक्षायादी पुढच्या आठवड्यात, नक्की.