नरडाण्याच्या विहिरी आणि पाण्याची परिभाषा

मुंबई-आग्रा महामार्गाने धुळ्याहून शिरपूरकडे निघालेल्या प्रवाशास शिंदखेडा तालुक्यातील नरडाणा हे गाव औद्योगिक वसाहतीमुळे आणि सुरत-भुसावळ लोहमार्गावरील स्थानकामुळे ठाऊक असते; परंतु भूगर्भजलाच्या अभ्यासकाने येथे थांबावे ते निराळ्याच कारणासाठी. दक्षिणेस काळ्या पाषाणाचा मुलूख पसरला आहे, उत्तरेस थोड्या अंतरावर तापीच्या गाळाचे खोल खोरे लागते, आणि पाण्याचे दोन स्वभाव येथे शेजारी शेजारी पाहावयास मिळतात.

पाषाणाच्या मुलुखात विहीर खणणाऱ्यास प्रथम काळी माती लागते, मग मुरूम, मग मांजऱ्या हा पोकळ्यांचा खडक, त्याखाली अखंड काळा पाषाण, आणि सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या लाव्हाच्या थरांच्या सांध्यात कोठे कोठे गेरूचा तांबडा पट्टा. मुरमातले पाणी पावसाबरोबर चढते आणि उन्हाळ्यापूर्वीच आटते. गेरूखालच्या मांजऱ्यातले पाणी दाबाखाली असेल तर सुरुंग लागताच विहिरीत काही हात वर येते. सरकारी दफ्तरात या दोहोंची नोंद ‘भूजल’ या एकाच शब्दाखाली होते.

हा व्यापक शब्द इंग्रजीच्या वळणाचा आहे. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातील ऑस्कर माइन्झर यांनी 1923 साली या शास्त्राची परिभाषा नेमकेपणाने बांधली. त्या परंपरेत संपृक्त थरातील सर्व पाणी ‘ग्राउंडवॉटर’ ठरते आणि त्याचे प्रकार पुढे विशेषणे लावून सांगितले जातात. रशियन भाषेत व्यापक संज्ञा ‘पोद्झेम्निये वोदी’ ही असली, तरी तिच्या पोटात स्वतंत्र नामे नांदतात: मातीच्या वरच्या भागात एखाद्या अभेद्य पट्टीवर अडून राहिलेले, ऋतूबरोबर येणारे-जाणारे पाणी ते ‘वेर्खोवोद्का’, पृष्ठभागाखालच्या पहिल्या स्थायी अभेद्य थरावरचे पाणी ते ‘ग्रुन्तोविये वोदी’, आणि दोन अभेद्य थरांच्या मधले ते ‘मेझ्प्लास्तोविये’. ‘ग्रुन्त’ हा शब्द मुळात जर्मनांकडून उसना घेतलेला, पण रशियनांनी त्याला इतका काटेकोर हुद्दा दिला आहे की नरडाण्याच्या विहिरीचे वर्णन करण्यास मला तीच मांडणी अधिक उपयोगी वाटते.

पाझराची गोष्ट मात्र उलट आहे. पाणी जमिनीत शिरणे, खाली उतरणे आणि बांधाखालून निसटणे यांसाठी इंग्रजीत निरनिराळे शब्द आहेत. रशियन अभियंता सच्छिद्र भूमीतून होणाऱ्या पाण्याच्या वहनास सरसकट ‘फिल्त्रात्सिया’ म्हणतो, आणि निकोलाय पाव्लोव्स्की यांनी 1922 साली धरणांच्या पायाखालील प्रवाहाचे जे गणित मांडले ते याच विषयाचे. आपल्याकडे धरणाचा पाझर हा दोष आणि पाझर तलावाचा पाझर हाच त्याचा हेतू. दुष्काळी कामांवर राबलेल्या माणसाला यात विसंगती वाटत नाही.

मात्र नंदुरबार-धुळे टापूत थरांच्या या आडव्या मांडण्या एका ठिकाणी निरुपयोगी होतात. येथे पूर्व-ईशान्य ते पश्चिम-नैर्ऋत्य दिशेने घुसलेल्या डाइकांची, म्हणजे भेगांत थिजलेल्या शिलारसाच्या उभ्या भिंतींची, दाटी आहे. डाइकचा दगड अखंड असेल तर तो भूमीच्या पोटातील बंधारा होऊन बसतो आणि एका अंगाच्या विहिरी भरलेल्या असता दुसऱ्या अंगाच्या कोरड्या राहतात. तोच तडकलेला असेल तर पाण्याचा पाट बनतो. साक्री तालुक्यात या डाइकांचा जलसाठ्याच्या दृष्टीने मुद्दाम अभ्यास झालेला आहे.

तापीच्या गाळाचा न्याय आणखी वेगळा. तेथे वरच्या पिवळ्या मातीचा थर पाणी खाली जाऊ देत नाही, म्हणून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी 2004 पासून शिरपूर तालुक्यात नाले रुंद आणि खोल करण्याचा जो मार्ग धरला, त्याचे मर्म तो थर भेदण्यात आहे. थर न पाहता तोच खड्डा अखंड काळ्या पाषाणात काढल्यास पाणी साठेल, मुरणार नाही. ‘शिरपूर पॅटर्न’चे नाव घेऊन सर्वत्र यंत्रे चालवणाऱ्यांस हा विवेक असतोच असे नाही.

कायदाही थरापेक्षा खोलीच पाहतो. महाराष्ट्र भूजल अधिनियम, 2009 हा साठ मीटर वा अधिक खोलीच्या विहिरीस ‘खोल विहीर’ ठरवतो; परंतु त्या साठ मीटरांत गेरूचे किती पट्टे ओलांडले, यावर पाण्याचे भवितव्य अवलंबून असते. म्हणून गावोगावच्या ग्रामपंचायतींना एवढीच विनंती, की विहीर वा कूपनलिका खोदली जात असताना कोणत्या हातावर मुरूम संपला, कोठे गेरू लागला आणि पाणी कोणत्या थरातून आले, याची नोंद ठेवणारी एक वही दफ्तरात असू द्यावी.