वणव्यानंतरचा पहिला पावसाळा

वणवा गेलेला डोंगर पाहिला की लोकांना पहिली आठवण होते ती रोपांची. जूनमध्ये खड्डे खणले जातात, रोपे लागतात, फोटो निघतात. मी मात्र आधी विचारतो, तिथली रानमोडी काढली का? कारण रत्नागिरीच्या उतारांवर नव्या रोपांची गरज पुष्कळदा नसतेच. ऐन, किंजळ, करवंद, धायटी यांचे वरचे अंग जळाले तरी जमिनीतला बुंधा बहुधा जिवंत असतो. भाजावळीसाठी कवळ तोडला तरी ऐन पुन्हा फुटतो, हे इथल्या शेतकऱ्याला मी काय सांगणार?

पण ज्या पावसात ऐनाला धुमारे येतात, त्याच पावसात रानमोडीही बुडख्यातून फुटते, आणि तिची वाढ फार झपाट्याची. ही मूळची अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशातली. गुरे तिला तोंड लावत नाहीत. हिवाळ्यात फुलते आणि तिचे हलके बी वाऱ्यावर दूरवर जाते. वणव्याने उघडी पडलेली जमीन तिला आयतीच मिळते. तिच्या दाट सावलीत कोवळे धुमारे गुदमरतात. उन्हाळ्यात ती उभ्या उभ्या वाळते. मग पुढच्या वणव्याची ज्वाळा गवतापुरती न राहता थेट फांद्यांना भिडते.

म्हणून पहिल्याच पावसाळ्यात, फुलोऱ्याआधी, ती मुळासकट उपटावी. भिजल्या मातीतून बुडखा सहज निघतो. एरवी जांभ्यात तो तुटून राहतो. नुसती कोयती चालवली तर ती दुप्पट फुटते. घाणेरीला थोडे वेगळे तंत्र लागते. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू आणि सहकाऱ्यांनी कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात वापरलेली पद्धत २००९ साली प्रसिद्ध झाली. तीत मुख्य मूळ जमिनीच्या जरा खाली तोडायचे आणि झुडूप उलटे करून वाळू द्यायचे. जेसीबी मात्र कृपा करून नको! इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. उकरलेली माती थेट पऱ्ह्यात जाते, आणि करवंदीचे बुंधेही तिच्याबरोबर. उपटलेली झुडपे पेटवू नयेत. ती कातळावर मुळे वर करून ठेवावीत.

हे काम एका वर्षात संपत नाही. पडलेले बी उगवत राहते, म्हणून पुढची दोन-तीन वर्षे फेरी मारावीच लागते. जिल्ह्यातले बहुतेक रान खासगी मालकीचे आहे, आणि सातबाऱ्यावरची निम्मी नावे मुंबईत. पण गणपतीला सगळी भावकी घरी येते, तेव्हा माती ओली असते आणि रानमोडी अजून फुललेली नसते. विसर्जनानंतरची एक सकाळ त्यासाठी ठेवता येईल.