एकल ब्लॅक मेटल संगीत : आस्वादाचे स्वरूप

ब्लॅक मेटल हा हेवी मेटल या पाश्चात्त्य संगीतप्रकाराचा उपप्रकार होय. १९९० नंतर नॉर्वेमध्ये त्याला निश्चित रूप आले. एकाच कलावंताने सर्व वाद्ये वाजवून, गाऊन सिद्ध केलेले वातावरणप्रधान, प्रयोगशील संगीत याच प्रवाहातून पुढे आले. नॉर्वेचा 'बर्झम' आणि कॅलिफोर्नियाचा 'झॅस्थर' हे एकल प्रकल्प त्याची ठळक उदाहरणे होत. कर्कश, उदास आणि ध्वनिमुद्रणाच्या दृष्टीने सदोष वाटणारे हे संगीत श्रोत्याला का भावते?

गिटारच्या तारेवरील अतिजलद आघात आणि ड्रमचे अखंड ठोके इतके निकट येतात की त्यांचे वेगळेपण लोपते व वेगातूनच स्थिरतेचा प्रत्यय येतो. तंबोऱ्याच्या झंकाराशी परिचित असलेल्या श्रोत्याला हे उमजणे अवघड नाही. शब्द किंकाळीत विरून कंठ हे आणखी एक वाद्य बनते. 'बर्झम'च्या 'फिलोसोफेम' (ध्वनिमुद्रण १९९३, प्रकाशन १९९६) या संग्रहासाठी निकृष्ट ध्वनिग्राहक हेतुतः वापरण्यात आला. त्यामुळे आवाज धुक्याआडून आल्यासारखा भासतो. त्यातील एक रचना तर सुमारे २५ मिनिटे मोजक्या स्वरांभोवतीच घुटमळत राहते.

एकट्या गायकाचे सामर्थ्य वऱ्हाडाला नवे नाही. मात्र राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी समुदायाला आपल्यात ओढून घेते. सामुदायिक प्रार्थना ही तिची स्वाभाविक परिणती. येथे नेमके उलट घडते. संपूर्ण वाद्यवृंदाची जागा एकच मनुष्य भरून काढतो, बहुधा रंगमंचावरही येत नाही, आणि श्रोताही एकांतातच ऐकतो.

भयानक रसाच्या आधारे या आकर्षणाची उपपत्ती लावता येते. साधारणीकरणामुळे भय कोणा एकाचे उरत नाही, म्हणूनच ते आस्वाद्य ठरते. परंतु 'बर्झम'चा कर्ता वार्ग विकेर्नेस याला सहकलावंत ऑयस्टीन ऑर्शेत याचा १९९३ मधील खून आणि चर्च जाळणे या गुन्ह्यांसाठी १९९४ मध्ये २१ वर्षांची शिक्षा झाली. त्याचे संगीत त्याज्य ठरवणे सोपे आहे. साधारणीकरणाचा हवाला देऊन कर्त्याला विसरणे त्याहून सोपे. एका मनुष्याचा एकांत ऐकू येतो म्हणून ज्या कलेचे मोल मानायचे, तिच्यातून त्या मनुष्यालाच वगळणे तर्कसंगत नव्हे.

अर्थात हा संगीतप्रकार द्वेषाशी बांधलेला नाही. 'पॅनोप्टिकॉन' या अमेरिकन एकल प्रकल्पाच्या 'केंटकी' (२०१२) या संग्रहात याच किंकाळ्यांशेजारी बॅन्जो वाजतो, आणि विषय आहे कोळसा खाणकामगारांचा लढा.