जपानी रणगाडा इतका बदनाम का?

दुसऱ्या महायुद्धातल्या रणगाड्यांच्या गप्पा निघाल्या की टायगर, टी-३४ आणि शर्मनवर तासभर बोललं जातं. जपानची पाळी आली की ‘पत्र्याचे डबे’ म्हणून एका वाक्यात निकाल लागतो. १९४४च्या सायपान बेटावरच्या लढाईपुरता हा शेरा चालेल. १९३५च्या जपानला किंवा १९४२च्या मलायाला तो लावता येत नाही.

पहिला गैरसमज नकलेचा. जपानने सुरुवात आयात गाड्यांनी केली, हे खरंच आहे. ब्रिटिश मार्क ४ आणि व्हिपेट, फ्रेंच रेनो एफटी या गाड्या त्यांनी आणून अभ्यासल्या. पण १९२७मध्ये ओसाकाच्या लष्करी कारखान्यात पहिला स्वदेशी नमुना उभा राहिला, आणि १९३०च्या दशकाच्या मध्यावर टाइप ८९ रणगाड्यात हवेने थंड होणारं मित्सुबिशीचं डिझेल इंजिन बसलं. त्या वेळी बहुतेक देशांचे रणगाडे पेट्रोलवर चालत होते. मांचुरियाच्या थंडीत इंजिनातलं पाणी गोठायचं आणि गोळा लागला की पेट्रोल भडकायचं. दोन्ही दुखण्यांवर हे एकच औषध होतं. पुढच्या गाड्यांचं सस्पेन्शन तोमिओ हारा या लष्करी अभियंत्याच्या आराखड्याचं. याला नक्कल म्हणणं अन्यायाचं आहे.

जपानी रणगाड्यांमधला सर्वाधिक बनलेला टाइप ९५ ‘हा-गो’ आपल्याकडे अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात आहे. (९५ म्हणजे जपानी शाही कालगणनेतलं २५९५, इसवी सन १९३५. २६०० उलटल्यावर आकडे पुन्हा एकपासून सुरू झाले, म्हणून टाइप १ हा टाइप ९७पेक्षा नवा.) वजन साधारण साडेसात टन, चिलखत जाडीत जाडी १२ मिलिमीटर, तोफ ३७ मिलिमीटरची. बुरुजात माणूस एकच, तो म्हणजे कमांडर. शत्रू शोधायचा त्यानेच, गोळा भरायचा त्यानेच, नेम धरून डागायचाही त्यानेच. बुरुजाच्या मागच्या अंगाला मशीनगन होती, तीही त्याच्याच गळ्यात. बहुतेक गाड्यांत रेडिओ नसल्यामुळे शेजारच्या गाडीला खुणा करायच्या त्या निशाणाने. माझ्या मते या गाडीचा खरा दोष पातळ पत्र्यापेक्षा एकाच माणसावरचा हा बोजा होता. चिलखत पातळ ठेवण्यामागे निदान हिशेब तरी होता. जहाजांच्या क्रेनना पेलेल, चीनमधल्या कच्च्या पुलांना सोसेल आणि पायदळाच्या ट्रकांबरोबर धावेल, अशी हलकी गाडी लष्कराला हवी होती.

जंगलात रणगाडे चालत नाहीत, हा समज तर खुद्द ब्रिटिशांचा होता. मलायात त्यांच्याकडे एकही रणगाडा नव्हता. ७ जानेवारी १९४२च्या पहाटे जपानच्या शिमादा यांच्या तुकडीचे टाइप ९७ ‘ची-हा’ आणि काही हा-गो जंगलात शिरलेच नाहीत. ते सरळ हमरस्त्याने स्लिम नदीकडे सुटले. वाटेत ११वी भारतीय डिव्हिजन होती आणि तिच्यातल्या अनेक जवानांनी तोवर रणगाडा पाहिलेलाही नव्हता. पुलाखाली सुरुंग लावलेले होते, पण लेफ्टनंट वातानाबे यांनी गाडीतून उतरून तलवारीने तारा तोडल्या. काही तासांत डिव्हिजनची वाताहत झाली आणि चार दिवसांत क्वालालंपूर पडलं. दोन वर्षांनी, मार्च १९४४मध्ये, तेच हा-गो तामूजवळ ब्रिटिशांच्या ली रणगाड्यांसमोर आले तेव्हा निकाल नेमका उलटा लागला. गाडी तीच होती, समोरची बदलली होती.

‘नोमोनहानमध्ये मार खाऊनही जपानी काही शिकले नाहीत,’ असंही म्हटलं जातं. मंगोलिया-मांचुरिया सीमेवरच्या १९३९च्या त्या लढाईत सोव्हिएत ४५ मिलिमीटर तोफांनी जपानी चिलखत सहज फोडलं, आणि ची-हाची आखूड नळीची ५७ मिलिमीटर तोफ सोव्हिएत गाड्यांपुढे तोकडी पडली. धडा पोचला होता. लांब नळीच्या ४७ मिलिमीटर तोफेचं काम पुढे सरकलं आणि नव्या बुरुजाचा ची-हा १९४२मध्ये कोरेगिडोरच्या लढाईत उतरलाही. कमी पडलं ते पोलाद. युद्ध पॅसिफिकमध्ये पसरल्यावर कच्चा माल आधी जहाजांना आणि विमानांना जाई, रणगाड्यांचा नंबर त्यानंतर. सुमारे २,३०० हा-गो बनले. त्या सगळ्यांचं वजन एकत्र केलं तरी ‘यामातो’ या एका युद्धनौकेच्या जेमतेम पाव भरतं. त्याच युद्धात अमेरिकेने शर्मनच तेवढे ४९,०००च्या आसपास काढले. बेटांवर लढणाऱ्या देशाने नौदलाला झुकतं माप दिलं, यात मला मूर्खपणा दिसत नाही. तरी त्याची किंमत सायपानवर गोतो यांच्या रेजिमेंटने मोजली. जून १९४४मध्ये त्यांचे रणगाडे रात्रीच्या हल्ल्यात अमेरिकी मरीन्सच्या बझूकांपुढे एकामागून एक जळाले.

७५ मिलिमीटर तोफेचा टाइप ३ ‘ची-नू’ शेवटी आलाच. तो मायभूमीच्या संरक्षणासाठी राखून ठेवला आणि लढाईत कधी उतरलाच नाही.

आणि १५ ऑगस्ट १९४५ला सम्राटांचं भाषण झालं, तिथे जपानी रणगाड्यांचं युद्ध संपलं, असंही समजू नये. तीन दिवसांनी कुरील बेटांतल्या शुमशूवर सोव्हिएत फौजा उतरल्या. कर्नल इकेदा यांच्या ११व्या रेजिमेंटने ची-हा आणि हा-गो घेऊन त्यांच्यावर हल्ला चढवला. किनाऱ्यावर सोव्हिएत रणगाडे नव्हते, पण रणगाडाभेदी बंदुका होत्या. वीसहून अधिक जपानी गाड्या तिथे गेल्या आणि इकेदाही मारले गेले.