रिकाम्या जागेचे भाडे

राज्यात 1972 साली कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. आमच्या लहानपणी हंगामात दर्यापुरात बंड्यांच्या रांगा लागत. नंबर यायला कधी एक रात्र जाई, कधी दोन. घरामागच्या आवारात ओळखीच्या गावांतल्या तीन-चार बंड्या मुक्कामाला असत. वडील पैसे घेत नसत. पण सकाळी बंड्या गेल्या की आई शेण गोळा करी आणि बैलांपुढचे उरलेले कुटार आमच्या गाईला घाली. मला तो पाहुणचार वाटे. पुढे अर्थशास्त्राची पुस्तके आपली आपणच वाचू लागलो, तेव्हा त्यातला व्यवहारही दिसला. जागा रात्री रिकामीच असे. ती देण्यात आमचे काही जात नव्हते.

दोन वर्षांपूर्वी पत्नीच्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी पुण्यात मुलीकडे गेलो. दवाखान्याच्या आसपास पाऊण तास गाडी फिरवली. समोरच्याच सोसायटीत इमारतीखालच्या आठ-नऊ जागा मोकळ्या होत्या आणि फाटकावर पाटी होती : ‘बाहेरील वाहनांस मनाई’.

मोटारीच्या एका जागेला साधारण साडेबारा चौरस मीटर लागतात. मालक सकाळी नऊला गेला आणि सातला परतला, तर महिन्याच्या पंचवीस कामाच्या दिवसांत अडीचशे तास ती रिकामी. समजा त्यातले निम्मे तास तासाला वीस रुपयांनी गेले, तरी अडीच हजार रुपये होतात. मग हे होत का नाही? एक कारण रस्ता. अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड शूप यांनी 2005 सालच्या ग्रंथात दाखवले, की फुकट पार्किंग फुकट नसतेच. त्याचा खर्च घरभाड्यात, मालाच्या किमतीत मिसळलेला असतो. रस्त्याकडेला गाडी फुकट लावता येत असेल, तर वीस रुपये कोण देणार? ब्रिटनमध्ये 2006 पासून लोक घरापुढची जागा इंटरनेटवरून तासांनी भाड्याने देतात. पण तिथे ती जागा बहुधा घरमालकाचीच असते.

आपल्याकडे खरी गाठ इथेच आहे. दहिसरच्या पांचाली सोसायटीत इमारतीखालच्या 25 जागांवर बिल्डरने हक्क सांगितला होता. ऑगस्ट 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला : अशी जागा म्हणजे स्वतंत्र फ्लॅट नव्हे, ती इमारतीचा सामायिक भाग आहे, बिल्डरला ती विकता येणार नाही. 2016 च्या रेरा कायद्यानेही उघडे पार्किंग सामायिक क्षेत्रातच धरले. छप्पर आणि तीन बाजूंना भिंती असलेले गॅरेज तेवढे निराळे. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाला जागा वापरायला मिळते, विकायला नाही. जागांपेक्षा गाड्या जास्त असतील तर चिठ्ठ्या टाकून वाटप होते. म्हणजे ज्याला आपण ‘माझे पार्किंग’ म्हणतो, ते बहुधा आपले नसते. जे आपले नाही, त्याचे भाडे खिशात कसे घालायचे?

भाडे सोसायटीने घ्यावे, असे माझे मत आहे. त्यातही कटकटी आहेत. सभासदांच्या वर्गणीला पारस्परिकतेच्या तत्त्वाने आयकर लागत नाही. बाहेरच्याकडून आलेल्या भाड्याला लागतो. शिवाय फाटक उघडायचे तर नोंद ठेवणारा माणूस हवा, आणि सातला गाडी हलली नाही तर भांडण कोणी करायचे हेही ठरवायला हवे. आमच्या आवारात हे प्रश्न नव्हते, कारण बंडीवाल्याचे गाव, घर, सोयरे सगळे माहीत असत. शहरात त्या ओळखीचीच किंमत मोजावी लागते, आणि ती कधी कधी भाड्याहून जास्त भरते.

मुलीच्या सोसायटीत गेल्या वर्षी हा विषय सभेपुढे आला. गाडीवाले लगेच तयार झाले. आपापल्या जागेचे भाडे आपल्याला, असा त्यांचा हिशेब. दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका उठल्या. त्यांच्याकडे सायकलसुद्धा नाही. ‘मी पंधरा वर्षं मेंटेनन्स भरते. खालच्या जागेत माझा वाटा किती, तेवढं आधी सांगा.’ कोणी बोलले नाही. इतिवृत्तात नोंद आहे : विषय पुढील सभेत घ्यावा.