अ‍ॅक्रिलिकची पेटी : कापताना थंड, वाकवताना गरम



शिकत्या मुलामुलींमुळे आता आपल्या घरात संगणक आला आहे. पुष्कळदा तो जुना, सुटे भाग जोडून केलेला असतो. त्याची पत्र्याची पेटी, म्हणजे बाजारातले 'कॅबिनेट', पावसाळी हवेत गंजते आणि फुटक्या जाळीतून उंदीर आत शिरतात. अशा वेळी मुले म्हणतात, "आपणच अ‍ॅक्रिलिकची पेटी करू." त्यांना अडवू नये. मात्र या कामातली मेख अगोदर समजून घ्यावी. ती एकच आहे : उष्णतेचा हिशेब.

पदार्थाचा स्वभाव

अ‍ॅक्रिलिक काचेसारखे पारदर्शक असते, पण वजनाने तिच्या निम्मे. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या खिडक्या त्याच्या होत्या. फुटलेल्या खिडकीचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत शिरूनही डोळा फारसा चिडत नाही, हे डॉ. हॅरॉल्ड रिडली यांनी हेरले आणि १९४९ साली लंडनमध्ये मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यात याच पदार्थाचे भिंग बसवले. आपल्या आजी-आजोबांच्या डोळ्यांत बसणारी भिंगे त्याच वाटेने आली.

त्याचा स्वभाव चिक्कीसारखा आहे. गार असताना ते कडक व ठिसूळ असते. साधारण १०५ अंश सेल्सिअसला ते मऊ होऊ लागते आणि १५० ते १६० अंशांना हवे तसे वळते. म्हणून कापताना ते तापू द्यायचे नाही आणि वाकवताना पुरते तापवल्याशिवाय हात लावायचा नाही.

कापणे

दुकानात 'कास्ट' जातीची शीट मागावी. ती करवतीखाली लवकर चिकटत नाही. झाकणाला ३ मिलिमीटर व तळाला ५ मिलिमीटर जाडी घ्यावी. वरचा कागद कापून होईपर्यंत काढू नये. ओरखडे त्याच्यावरच राहतात.

३ मिलिमीटरची शीट सरळ कापायची तर पोलादी पट्टी धरून अ‍ॅक्रिलिक कटरने एकाच रेघेवर आठ-दहा वेळा ओढावे. जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याहून खोल चर पडला की रेघ टेबलाच्या काठावर आणून, चराची बाजू वर ठेवून, एका झटक्यात खाली दाबावे. चिक्की मोडते तशी ती मोडते. जाड शीटसाठी हॅकसॉला इंचाला २४ किंवा ३२ दातांचे पाते लावून सावकाश चालवावे. घाई केली की कीस वितळून मागे चिकटतो आणि पाते अडकते.

भोक पाडताना शीटखाली लाकडाची फळी ठेवावी. आधी बारीक, मग मोठे बिट घ्यावे. शेवटी जोर कमी करावा, कारण बिट बाहेर पडतानाच शीट तडकते. उन्हाळ्या-हिवाळ्यातल्या ३० अंशांच्या फरकाने मीटरभर शीट सुमारे २ मिलिमीटर लांबते-आखडते. म्हणून भोक स्क्रूपेक्षा मिलिमीटरभर मोठे ठेवावे व स्क्रू आवळून टाकू नये. कडा कानशीने सारख्या करून पॉलिश पेपरने घासाव्यात.

वाकवणे

पेटीला दोन तुकडे पुरतात : तळ, पुढची व मागची बाजू मिळून एक, माथा व दोन कुशी मिळून दुसरा. प्रत्येकाला दोन वळणे. चार सांधे वाचतात आणि पेटी मजबूत होते.

तालुक्याच्या गावी पाट्या करणाऱ्या कारागिराकडे तारेचा हीटर असतो. तापलेल्या तारेवर फक्त वळणाची पट्टी मऊ होते. ही उघडी तार घरच्या लाइनवर जोडण्याचा खटाटोप मुळीच करू नये. जिवाशी खेळ आहे. आपण खुणा करून, काटकोनी लाकडी साचा घेऊन कारागिराकडे जावे. चूल, गॅस किंवा मेणबत्तीवर शीट धरू नये. अ‍ॅक्रिलिक पेट घेते.

तापवण्यापूर्वी कागद काढावा. शीट दोन्ही बाजूंनी आलटून पालटून शेकावी. ती आपल्याच वजनाने झुकू लागली की साच्यावर वळवावी आणि गार होईपर्यंत धरून ठेवावी. पाणी मारू नये. बांबूची काठी शेकून सरळ करतानाही आपण हेच करतो. कमी तापली तर वळणावर पांढरट भेगा येतात, जास्त तापली तर बुडबुडे. पावसाळ्यात ओल धरलेल्या शीटलाही बुडबुडे येतात. म्हणून ती कोरड्या दिवसांत वाकवावी. वळणात किती लांबी जाते हे पाहण्यासाठी आधी त्याच शीटची टाकाऊ पट्टी वाकवून मोजावी. वळण चुकले तर घाबरू नये. पुन्हा तापवली की शीट बरीचशी सपाट होते.

पेटीच्या आतली उष्णता

पत्रा आतली उष्णता बाहेर टाकतो, अ‍ॅक्रिलिक टाकत नाही. म्हणून पुढे खालच्या अंगाला हवा आत घेणारा आणि मागे वरच्या अंगाला बाहेर फेकणारा पंखा बसवावा. १२० मिलिमीटरच्या पंख्याच्या स्क्रूंच्या भोकांतले अंतर १०५ मिलिमीटर असते. आत येणाऱ्या हवेवर मच्छरदाणीची जाळी लावावी आणि मळणीच्या दिवसांत ती दर आठवड्याला झटकावी. मदरबोर्ड शीटला टेकू न देता पितळी खुंट्यांवर बसवावा.

आता सर्वांत महत्त्वाचे. पत्र्याच्या पेटीत सगळ्या अंगाला अर्थिंग मिळते. अ‍ॅक्रिलिक वीज वाहून नेत नाही. म्हणून वीजपुरवठ्याचा डबा त्याच्या मूळ धातूच्या आवरणातच ठेवावा, तो कधी उघडू नये, आणि तीन पिनांचीच वायर वापरावी. तिसरी पिन कापलेली किंवा घरची अर्थिंग मेलेली असेल तर पेटी कितीही देखणी असो, बटण दाबू नये. आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावी आणि उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत जावे.

पेटी पुसायला साबणाचे पाणी व मऊ ओले फडके पुरते. थिनर, पेट्रोल, स्पिरिट लावले की शीटला तडे जातात. पुसताना संगणक बंद करून पिन काढलेली असावी.

हे काम मुलालाच नव्हे, मुलीलाही करू द्यावे. पट्टी आपण धरावी, रेघ त्यांनी ओढावी. पहिले दोन तुकडे वाया जातील, ते जाऊ द्यावेत. तिसऱ्या तुकड्याला हात शहाणा होतो, आणि हा शहाणा हात पुढे ठिबकचा पाइप जोडायलाही घरातच असतो.