कुत्र्यानं नको ते गिळलं? घाबरू नका, पण थांबूही नका!

मीरा-भाईंदरच्या श्वानप्रेमींनो, उत्तनच्या किनाऱ्यावर कुत्र्याला फिरवताना त्याच्या तोंडाकडे लक्ष ठेवा. मासळीचा वास लागलेला गळ आणि नायलॉनची दोरी त्याला खाऊच वाटते. घरात धोका आंब्याची कोय, मोजे आणि बटण-सेलचा.

गिळलंच तर:

🔸 मीठ-पाणी पाजून उलटी करवू नका. मिठाची विषबाधा होते. टोकदार वस्तू वर येताना अन्ननलिका फाडू शकते.

🔸 तोंडातून किंवा शेपटीखालून दोरी लोंबत असेल तर ओढू नका. ताणलेली दोरी आतडं कापते.

🔸 लगेच डॉक्टरांना फोन करा. काय गिळलं, किती वाजता, कुत्र्याचं वजन किती, हे सांगा. उरलेला तुकडा सोबत न्या.

🔸 पहिले दोन तास मोलाचे. वस्तू जठरात असेपर्यंत डॉक्टर औषधानं उलटी करवू शकतात किंवा दुर्बिणीनं ती काढू शकतात. आतड्यात अडकली तर ऑपरेशन.

🔸 बटण-सेल असेल तर एक मिनिटही दवडू नका, तो अन्ननलिका जाळतो.

🔸 एक्स-रेत गळ स्पष्ट दिसतो, कापड सहसा नाही. डॉक्टरांनी सोनोग्राफी सांगितली तर टाळू नका.

वारंवार उलट्या, लाळ, जेवण बंद, शी न होणं, पोटाला हात लावू न देणं, ही धोक्याची लक्षणं.

मोठ्या उपचारांसाठी परळचं बैलघोडा हॉस्पिटल आणि महालक्ष्मीचं टाटांचं प्राण्यांचं रुग्णालय आहे. पण ट्रॅफिकमध्ये तास-दीड तास सहज जातो, म्हणून आधी जवळचा डॉक्टर गाठा. त्याचा नंबर आजच सेव्ह करा. त्या मुक्या जिवाला बोलता येत नाही, धावपळ आपल्यालाच करायची आहे. 🐾